तेहतीस हजार गळे, एक फेडर

वानखेडेवर षटकार बसला की चर्चगेट ते मरीन लाइन्सच्या पट्ट्यात लोकलच्या दारात उभ्या असलेल्या माणसालाही ते कळतं. स्कोअर बघावा लागत नाही. एप्रिल २०२१ मध्ये याच मैदानावर आयपीएलचे सामने झाले तेव्हा मात्र कोविडमुळे स्टँड रिकामे होते, आणि तरीही घरी टीव्हीवर प्रत्येक चौकाराला गर्दी उसळत होती. पहिला आवाज हजारो लोकांनी न ठरवता केलेला असतो. दुसरा एका माणसाने, फेडरवर (आवाज खाली-वर करणाऱ्या सरकत्या कळीवर) बोट ठेवून, ठरवून केलेला असतो. दोन्हींचा मोठेपणा मोजणं तुलनेने सोपं आहे. अवघड आहे ते त्यांचं वेळापत्रक, आणि नकली गलका बहुतेक वेळा तिथेच उघडा पडतो.

आधी हिशेब

डेसिबलची बेरीज वाण्याच्या बेरजेसारखी होत नाही. ६० डेसिबलचे दोन आवाज एकत्र आले की १२० नाही, ६३ होतात. माणसं दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, दहापट झाली की १०. आणि १० डेसिबलची वाढ आपल्या कानाला साधारण ‘दुप्पट मोठा’ एवढीच वाटते. म्हणजे दहा माणसं एका माणसापेक्षा दहापट नव्हे, दुपटीने मोठी ऐकू येतात. अंतराचा हिशेब उलटा चालतो: उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात.

आता वानखेडे घेऊ. क्षमता सुमारे ३३,०००. एक माणूस जीव खाऊन ओरडला तर त्याच्या तोंडापासून मीटरभरावर साधारण ८८ डेसिबल भरतात. ३३,००० गळ्यांचे त्यात ४५ मिळवा: १३३. पण हे गळे खेळपट्टीपासून सरासरी ८० मीटरवर आहेत असं धरलं, तर अंतराचे ३८ वजा होतात. उरले ९५. सगळे एकाच क्षणी ओरडत नाहीत, म्हणून थोडं कमी होतं. छतावरून आणि समोरच्या स्टँडवरून परत येणारा आवाज मिळाला की थोडं वाढतं. भरलेल्या मैदानात फलंदाजाच्या कानावर येणारा कल्लोळ ९५ ते १०० च्या घरात असतो, असा अंदाज या हिशेबातून निघतो.

खुर्चीतल्या प्रेक्षकाला याहून जास्त सोसावं लागतं. शेजाऱ्याचं तोंड अर्ध्या मीटरवर, मागच्याचं जवळपास तेवढंच. चार-पाच जण मिळून १०० सहज ओलांडतात आणि बाकीचं मैदान वरून वेगळं. कामाच्या जागेवरची सुरक्षितता बघणाऱ्या अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेचा मापदंड असा: ८५ डेसिबल ८ तासांपर्यंत चालेल, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९१ ला २ तास, १०० ला १५ मिनिटं. टी-ट्वेन्टीचा सामना साडेतीन तासांचा असतो. लहान मुलांना नेत असाल तर कानावर बसणारे मफ घ्या. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही, तो फक्त समाधान देतो. आणि जागा निवडताना गर्दीपेक्षा लाउडस्पीकरकडे बघा. डीजेच्या स्पीकरच्या तोंडाशी असलेल्या दोन रांगा स्टेडियममधल्या सर्वांत वाईट रांगा असतात, तिकीट कितीही महाग असो.

मग ते विक्रम कुठून येतात? अमेरिकन फुटबॉलमध्ये कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियमवर २९ सप्टेंबर २०१४ रोजी १४२.२ डेसिबलची गिनीज नोंद झाली. आपल्या ९५ पेक्षा हे ४७ डेसिबल जास्त, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात पन्नास हजार पट. ॲरोहेडमध्ये वानखेडेच्या पन्नास हजार पट माणसं बसत नाहीत. फरक पडतो तो मापनात: मीटर कुठे धरला, आणि क्षणाचा कमाल आकडा घेतला की मिनिटाची सरासरी. मीटरपासून हातभर अंतरावर लोक त्याच्याकडेच तोंड करून किंचाळत असतील तर आकडा त्या दहा-वीस जणांचा असतो, स्टेडियमचा नाही. विक्रम खोटे नाहीत, पण दोन मैदानांच्या विक्रमांची तुलना करताना मीटरची जागा माहीत नसेल तर त्या तुलनेला अर्थ उरत नाही.

मोबाइलच्या ॲपवर तर विसंबूच नका. फोनचा माइक बोलण्यासाठी असतो. फार मोठा आवाज त्यात वरून कापला जातो, शिवाय फोन स्वतःच आवाज खाली-वर ओढत असतो. खरं मोजायचं तर क्लास २ चा साउंड लेव्हल मीटर, माइकवर फोमची टोपी, आणि सामन्याआधी व नंतर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने तपासणी. सेटिंग ‘ए’ वेटिंगवर, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येतं त्या धर्तीवर. ढोल आणि डीजेचा बास मोजायचा असेल तर सोबत ‘सी’सुद्धा, कारण ‘ए’ वेटिंग खालच्या पट्टीतला आवाज बराच कमी दाखवतं. एका जागी किमान पाच मिनिटांची सरासरी आणि त्या काळातला कमाल आकडा, दोन्ही लिहून ठेवायचे. मोठ्या पडद्यावर ‘आणखी ओरडा’ म्हणत काटा वर चढताना दिसतो, तो मात्र करमणूक म्हणूनच बघावा. त्यामागे मीटर असतोच असं नाही.

छत आणि उतार

तेवढीच माणसं दोन मैदानांत वेगळी ऐकू येतात, याचं कारण वर आणि मागे आहे. उघड्या मैदानात वर गेलेला आवाज आकाशात जातो. पुढे झुकलेलं छत असेल तर तो परत खाली, मैदानावर फेकला जातो. सिएटलच्या लुमेन फील्डची छतं सुमारे ७० टक्के खुर्च्या झाकतात आणि स्टँडचा उतार उभा आहे. डिसेंबर २०१३ मध्ये तिथे १३७.६ ची नोंद झाली ती उगाच नाही. जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या फुटबॉल मैदानाच्या दक्षिण स्टँडमध्ये जवळपास २५,००० लोक एकाच सलग उतारावर उभे असतात. मध्ये मजला नाही, काचेच्या पेट्या नाहीत, त्यामुळे तिथे सगळे एकमेकांना ऐकू शकतात. आवाज मोठा होण्यात या ‘ऐकू शकण्या’चा वाटा मोठा आहे. ज्याला शेजारचा स्टँड ऐकू येतो तो त्यात आवाज मिळवतो.

वानखेडेचं छत कापडी आहे, टेफ्लॉनचा थर दिलेलं. अशा हलक्या कापडाचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. वरच्या पट्टीतला आवाज, म्हणजे शिट्ट्या, किंकाळ्या, शब्दांतले ‘स’ आणि ‘च’, ते बराचसा परत पाठवतं. खालच्या पट्टीतला दणका मात्र त्याला अडवता येत नाही, तो आरपार जातो. म्हणून आत गलका धारदार वाटतो आणि बाहेर रस्त्यावर नुसती घरघर पोहोचते.

जमीन हादरते ती गोष्ट वेगळी. ८ जानेवारी २०११ रोजी सिएटलमध्ये अमेरिकन फुटबॉलपटू मार्शॉन लिंच चेंडू घेऊन धावला, त्यानंतर जवळच्या भूकंपमापकावर नोंद झाली आणि ‘आवाजाने भूकंप’ अशा बातम्या पसरल्या. तो हादरा घशांचा नव्हता. हजारो लोकांनी एकाच वेळी उड्या मारल्या होत्या.

समोरचा स्टँड अर्धा सेकंद मागे असतो

आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. क्रिकेटच्या मैदानात एका स्टँडच्या मधून समोरच्या स्टँडच्या मधापर्यंत २०० मीटर धरले, तर आवाज पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. मिनिटाला १२० च्या गतीने टाळ्या वाजवल्या तर दोन टाळ्यांमधलं अंतरही अर्धा सेकंदच. म्हणजे तुमची दुसरी टाळी पडते तेव्हा समोरून तुम्हाला त्यांची पहिली ऐकू येते. ते तुमच्याशी जुळवायला जातात, तुम्ही त्यांच्याशी, आणि दहा सेकंदांत खिचडी होते. गती आणखी वाढवली की पुरती वाट लागते.

टिकतात त्या घोषणा संथ आणि मध्ये श्वास असलेल्या. ‘सचिऽऽन, सचिन’ बघा: पहिला स्वर ओढलेला, मग आखूड हाक, मग टाळ्यांचे ठोके आणि पुन्हा सुरुवात. ओढलेल्या स्वरात अर्धा सेकंद सहज मुरतो, उशिरा आलेला स्टँडही त्यातच विरघळतो. ही रचना कोणी आवाजाचं शास्त्र वाचून केली नसणार. जी घोषणा मैदानभर जुळते ती राहते, बाकीच्या त्या-त्या स्टँडमध्येच मरतात.

मेक्सिकन वेव्हला, म्हणजे प्रेक्षक ओळीने उठून-बसून मैदानभर फिरवतात त्या लाटेला, हा त्रास नाही, कारण ती डोळ्यांनी चालते. २००२ साली ‘नेचर’मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला: साधारण २५ ते ३० लोकांनी ठरवून उठलं की ती सुरू होते आणि सेकंदाला सुमारे २० खुर्च्या या वेगाने पुढे जाते.

मैदानावर काय बिघडतं

धाव घेताना दोन फलंदाज एकमेकांना हाक देतात. मध्ये २० मीटर. ८८ डेसिबलची हाक पलीकडे पोहोचेपर्यंत ६२ वर येते आणि गर्दी ९५ वर आहे. ती हाक ऐकूच येत नाही, नुसता उघडलेला जबडा दिसतो. भरल्या मैदानात धावबाद होणाऱ्यांना आपण ‘ताळमेळ नव्हता’ म्हणतो, तेव्हा त्यातला थोडा दोष प्रेक्षकांच्या पदरीही टाकायला हरकत नाही. म्हणून अनुभवी जोड्या तोंडाआधी हाताचा पंजा दाखवतात.

पंचाचंही तेच. बॅटची पुसटशी कड लागली तर तो आवाज २० मीटरवरच्या पंचापर्यंत येताना २६ डेसिबल गमावतो. स्टंपमधला माइक बॅटपासून मीटर-दीड मीटरवर असतो, त्याला ही तूट नाही. या माइकच्या आवाजाचा आलेख काढून कड तपासणारं अल्ट्राएज तंत्र खरं तर पंचापेक्षा तीक्ष्ण कानाचं नाही, ते फक्त जवळ उभं आहे. शिवाय त्याला चित्राची सोबत असते: कडेचा आवाज टोकदार आणि क्षणभराचा, गर्दीचा पसरट. आलेखावर दोन्ही वेगळे दिसतात.

अमेरिकन फुटबॉलमध्ये यजमान प्रेक्षक पाहुण्या संघाचा चेंडू असतानाच ओरडतात आणि आपल्या संघाच्या वेळी गप्प बसतात. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे संघाची चाल चालवणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा रेडिओ असतो, पण चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. नेमक्या त्या १५ सेकंदांत सगळं स्टेडियम ओरडतं. मग संघ आवाजी इशारा सोडून मूक मोजणीवर येतात. म्हणूनच तिथे गलका स्पीकरमधून वाढवणं हा गुन्हा आहे. अटलांटा फाल्कन्स या संघाने २०१३ आणि २०१४ च्या हंगामांत ध्वनिमुद्रित गलका वाजवल्याचं सिद्ध झालं. साडेतीन लाख डॉलर दंड झाला आणि २०१६ च्या ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) पाचव्या फेरीची निवडही गेली.

पंचाच्या मनावर होणारा परिणाम मोजलेला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनात ४० पात्र रेफरींना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातल्या ४७ टक्करी दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना मुक्या. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. २०२० मध्ये युरोपात रिकाम्या मैदानांवर सामने झाले तेव्हा पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली, हे याच दिशेचं.

आणि शांतता. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्स म्हणाला होता की मोठी गर्दी गप्प होताना ऐकण्याइतकं समाधान खेळात दुसरं नाही. दुसऱ्या दिवशी अहमदाबादेत ९२,४५३ लोक होते. कमिन्सच्या चेंडूवर कोहलीने ५४ वर चेंडू स्वतःच्याच स्टंपवर ओढला आणि ते मैदान एका श्वासात रिकामं वाटायला लागलं. गर्दी चढायला वेळ घेते, तुटायला घेत नाही. हे पुढच्या भागासाठी लक्षात ठेवा.

नकली गलका कसा बांधतात

मे २०२० मध्ये जर्मन बुंडेसलिगा रिकाम्या मैदानांवर सुरू झाली, जूनमध्ये ला लिगा आणि प्रीमियर लीग, सप्टेंबरमध्ये अमिरातीत आयपीएल. सगळ्यांपुढे एकच अडचण होती. रिकाम्या काँक्रीटवर आपटून खेळाडूंच्या हाका घुमत होत्या आणि शिव्याही स्वच्छ ऐकू येत होत्या. (माणसं उत्तम शोषक असतात, कपडे घातलेली गर्दी घुमणं खाऊन टाकते.) इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या व्हिडिओ गेमसाठी आधीच ध्वनिमुद्रित केलेला गलका कामी आला, अमेरिकेत बेसबॉलनेही तोच मार्ग धरला.

बांधणी थरांची असते. तळाला बेड, म्हणजे अखंड भुणभुण. हा कॉमेंट्रीच्या १० ते १५ डेसिबल खाली ठेवायचा. एकच दोन मिनिटांचा लूप फिरवला तर त्यातली एखादी शिट्टी तिसऱ्या फेरीला कानाला ओळखू येते आणि मग ती सोडता सोडत नाही. म्हणून एक ७ मिनिटांचा आणि एक ११ मिनिटांचा असे दोन लूप एकावर एक चालवायचे. तीच जोडी परत यायला ७७ मिनिटं लागतात. लूप करण्याआधी त्यातल्या ओळखू येण्याजोग्या शिट्ट्या, भोंगे, एकट्या हाका कापून टाकायच्या.

त्यावर ‘उठाव’: चेंडू हवेत असताना चढत जाणारा आवाज. त्यावर निकालाचे तुकडे: जल्लोष, हळहळ, ‘ऊऽऽ’, हुर्यो, प्रत्येकाचे किमान सात-आठ नमुने, नाहीतर तोच जल्लोष दर षटकात भेटतो. सर्वांत वर संघाच्या घोषणा. प्रत्येक थराला स्वतंत्र फेडर, निकालाच्या तुकड्यांना बटणं.

आता एक उंच फटका जवळून बघू. गोलंदाज धावायला लागला तेव्हाच बेड ३ डेसिबल वर गेलेला असतो. बॅटचा आवाज आला की अर्ध्या सेकंदात उठावाचा फेडर वर. अर्धा सेकंदच, आधी नाही: खऱ्या प्रेक्षकाला चेंडू दिसून, कळून, घसा उघडायला तेवढा वेळ लागतो. चेंडू चार-पाच सेकंद हवेत. उठाव चढतच राहतो. आणि इथे ऑपरेटरचं एक बोट जल्लोषावर, दुसरं हळहळीवर. चेंडू दोरीपलीकडे पडला तर जल्लोष, उठाव हळूच खाली. झेल झाला तर उठाव एकदम तोडायचा, पाव सेकंद जवळजवळ काहीच नाही, मग हळहळ आणि तिच्या तळाशी पाहुण्यांच्या पाठीराख्यांचा बारीकसा ओरडा. षटकाराचा जल्लोष सहा ते आठ सेकंदांत ओसरू द्यायचा आणि बेड पुढचा चेंडू पडेपर्यंत २ डेसिबल वरच ठेवायचा. लोक लगेच निवत नाहीत.

बिघाड ठरलेले असतात. ऑपरेटरसमोरचा मॉनिटर प्रक्षेपणाच्या चित्रापेक्षा अर्धा सेकंद पुढे असेल तर गर्दीला यष्टी पडण्याआधीच कळतं, आणि सामना भुताटकीचा वाटतो. हाच गलका मैदानातल्या स्पीकरवरही सोडला आणि सीमारेषेवरचे माइक उघडे राहिले तर तो दुसऱ्यांदा आत येतो: स्पीकर ३५ मीटरवर असेल तर दशांश सेकंद उशिरा. दोन्ही मिसळून प्रतिध्वनी आल्यासारखा दुहेरी आवाज होतो. उपाय म्हणजे मैदानातला आवाज बारीक ठेवणं किंवा ते माइक कापणं, आणि माइक कापले की चेंडू दोरीला लागल्याचा आवाजही जातो. स्टंप माइकमध्ये रिकाम्या स्टँडचं घुमणं आणि त्यावर भरगच्च बेड, ही विसंगती तर कानाला लगेच टोचते. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगने २०२० मध्ये मैदानात ७० डेसिबलच्या आसपास एकसुरी भुणभुणच ठेवायला सांगितली, त्यामागे कोणाला फायदा होऊ नये हा हेतू होता. टीव्हीवरचा चढ-उतार वेगळा मिसळला जाई.

खरा गलकाही टीव्हीवर कच्चा येत नाही, हेही लक्षात असू द्या. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात वुवुझेलाचा मूळ सूर २३३ हर्ट्झच्या आसपास होता आणि त्याच्या पटी ४६६, ९३२ वर. नेमक्या त्या जागी अरुंद कात्री लावून तो सूर दाबता येत असे. कात्री जरा रुंद झाली की समालोचकाचा आवाजही सर्दी झाल्यासारखा व्हायचा. आणि आयपीएलमध्ये स्पीकरवरून तुतारी वाजते, तिला प्रेक्षक ओरडून उत्तर देतात, तो गलका खरा की नकली? घसे खरे आहेत, हुकूम मात्र डीजेचा आहे.

घरी बसून ओळखायचं असेल तर डोळे मिटून दोन षटकं ऐका. खरी गर्दी चुकते: साध्या झेलाला षटकार समजून उसळते आणि मध्येच तोंडघशी पडते. पायचीतच्या अपिलाला एकाच बाजूचा स्टँड ओरडतो, कारण बाकीच्यांना रेष दिसतच नाही. आणि कॅमेरा गोलंदाजावर असताना, खेळात काहीही घडत नसताना, डाव्या कोपऱ्यातून अचानक आरडाओरड येते. सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाने मागे वळून तिथल्या लोकांना हात हलवलेला असतो. फेडरवर बोट ठेवून बसलेल्या माणसाच्या पडद्यावर तो दिसलेलाच नसतो.